हीटर लावूनही पहाटे थंडी वाजते? नागपुरातल्या घरात हिवाळ्याचं तापमान कसं ठरवावं

मागचे तीन हिवाळे आमच्याकडे एकच रडगाणं होतं. रात्री दहाला आईच्या खोलीत तेल भरलेला विजेचा हीटर लावायचा, बटण सहापैकी पाचवर. अकरा वाजता खोलीत गेलं की मला घाम फुटायचा, आणि पहाटे चारला आई उठून बसलेली असायची, पाय पोटाशी घेऊन. बटण सहावर नेलं की तिचा घसा सुकायचा, सकाळी नाक चोंदलेलं. चारवर आणलं की पुन्हा हुडहुडी. आई ७६ वर्षांची आहे, तिला हे रोज सोसायला लावणं मला बरं वाटत नव्हतं. आम्ही मनीषनगरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. गेल्या डिसेंबरात एकदाचं ठरवलं की बटणाशी खेळणं बंद करायचं आणि नेमकं चुकतंय कुठे ते शोधायचं. ज्यांच्या घरी दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत हेच चालतं, त्यांच्यासाठी सापडलेलं सगळं लिहून ठेवतो आहे.

बटणावरचा आकडा म्हणजे अंश नाहीत

तेलाच्या हीटरवर १ ते ६ आकडे असतात किंवा नुसतं कमी-जास्त लिहिलेलं असतं. पाच म्हणजे पंचवीस अंश, असं काही त्यात नसतं. आतला थर्मोस्टॅट हीटरच्या अंगालाच बसवलेला असतो, त्याला फक्त हीटरजवळची हवा कळते. हीटर कोपऱ्यात भिंतीला टेकवून, वर पडदा लोंबत असेल तर तिथली हवा लवकर तापते, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं आणि तो बंद होतो. पलंगावर मात्र गारठा तसाच.

म्हणून पहिलं काम म्हणजे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र आणणं. काही शे रुपयांत मिळतं. ते भिंतीवर टांगू नका, खिडकीतही ठेवू नका. झोपणाऱ्याच्या उशीच्या उंचीवर, हीटरपासून लांब ठेवा. आमच्याकडे पहिल्याच रात्री कळलं की बटण सहावर असताना, हीटर अधूनमधून तापत असताना, पहाटे पाचला आईच्या उशाशी १७ अंश होते. अकरा वाजता तिथेच २४ होते. इतका फरक आहे हे यंत्राशिवाय समजलंच नसतं.

हा फरक का पडतो, तेही सांगतो. नागपूरची हिवाळ्यातली दुपार चांगली २८ अंशांच्या आसपास असते आणि पहाट १२-१३ वर उतरते. उत्तरेकडून गार वारे आले की आठ-नऊवर. २९ डिसेंबर २०१८ ला तर इथे ३.५ अंश नोंदले गेले होते. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि संध्याकाळभर ती ऊब खाली सोडतो. त्यामुळे रात्री दहा-अकराला खोली मुळातच ऊबदार असते, त्यात हीटर लावला की घाम येणारच. मग आभाळ निरभ्र असलं की तोच स्लॅब रात्रभर आपली उष्णता वर आकाशाकडे फेकत राहतो आणि पहाटे बर्फासारखा होतो. आपल्या अंगाला फक्त हवेचं तापमान कळत नाही, भोवतालच्या भिंती-छताचंही कळतं. हवा २० आणि भिंती-छत १५ असतील, तर अंगाला साडेसतरा-अठराच्या खोलीत असल्यासारखं वाटतं.

मग किती अंश ठेवायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांसाठी घरातलं किमान तापमान १८ अंश सांगितलं आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारी माणसं यांच्यासाठी त्याहून जास्त लागू शकतं, असंही म्हटलं आहे. हा आकडा सगळीकडे फिरतो आणि लोक तोच धरून बसतात. पण ज्याने मे महिन्यात ४५ अंश काढलेत, त्या नागपूरकराला १८ अंशांत शांत बसून पेपर वाचता येत नाही. (२३ मे २०१३ ला इथे ४७.९ होतं.) हा आपला नाजूकपणा नाही. शरीर ज्या हवेत राहतं त्या हवेची सवय करून घेतं.

भारतातल्या लोकांना कोणतं तापमान सुखाचं वाटतं, याचा अभ्यास अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात झालेला आहे. त्यातून निघालेलं गणित राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्येही घेतलं आहे. एसी नसलेल्या, खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींसाठी ते असं आहे: बाहेरचं मागच्या महिन्याभराचं सरासरी तापमान घ्या, त्याला ०.५४ ने गुणा, त्यात १२.८३ मिळवा. नागपुरात जानेवारीत दिवस-रात्र मिळून सरासरी २० धरली तर उत्तर येतं २३.६. त्याच्या सव्वादोन-अडीच अंश वर-खाली बहुतेकांना चालतं. म्हणजे आपल्याकडे खालची सीमा २१ च्या आसपास. हा अभ्यास कार्यालयांत बसून काम करणाऱ्यांवर झालेला आहे, रजईत झोपलेल्यांवर नाही, हे ध्यानात ठेवा. रजई घेतली की हेच गणित खाली सरकतं.

हे सगळं पाहून आम्ही जे धरलं आणि जे टिकलं ते असं. संध्याकाळी बसून टीव्ही बघताना, जपमाळ ओढताना २१-२२. आई झोपल्यावर उशाशी २० ते २१. माझ्या आणि बायकोच्या खोलीत रात्री हीटरच नाही, तिथे १७-१८ असतात आणि दुलईत छान झोप लागते. एका जाड स्वेटरचं काम साधारण दोन अंशांएवढं असतं. म्हणून हीटर वाढवण्याआधी पायमोजे आणि कानटोपी. डोकं आणि पाय झाकले की आई त्याच खोलीत शांत झोपते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आमच्याकडे खरी खोट सापडली ती कूलरच्या खिडकीत

हा भाग नीट वाचा. माझ्या मते नागपुरातल्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ इथेच असावं.

आधी एक हिशेब. बारा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. त्यातली सगळी हवा १४ अंशांवरून २० वर न्यायला किती वीज लागते? ०.०७ युनिट. दोन हजार वॅटचा हीटर ते काम दोन मिनिटांत करतो. मग तास-तास हीटर चालूनही खोली का तापत नाही? कारण ती उष्णता हवेत राहतच नाही. ती भिंती आणि स्लॅबमध्ये मुरते, नाहीतर फटींतून बाहेर जाते. भिंती एकदा तापल्या की त्यांची मागणी कमी होते, पण फटींची भूक रात्रभर संपत नाही. खोलीतली हवा तासाला पाच वेळा बदलत असेल आणि बाहेर आतल्यापेक्षा दहा अंश कमी असेल, तर नुसती आत शिरणारी गार हवा तापवायला सतत साडेपाचशे वॅटच्या आसपास लागतात.

आई दोन वर्षं म्हणत होती, "बाबू, पाहा ना रे, खिडकी कुठं उघडी आहे काय?" मी जाऊन बघायचो, कडी लावलेली असायची, आणि मी बटण एक घर पुढे सरकवायचो. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. खिडकी उघडीच होती, फक्त ती मला खिडकी वाटत नव्हती. तिच्या खोलीला बाहेरून लोखंडी कूलर बसवलेला आहे. पाऊस लागला की आपण मोटर बंद करतो, टाकी कोरडी करतो, वरून ताडपत्री टाकतो आणि झालं म्हणतो. पण कूलरचं तोंड खोलीतच असतं, आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतलं वुडवूल वाळून भुरभुरीत झालेलं असतं. त्यातून वारा आरपार येतो. मे महिन्यात आपण हवा आत घ्यायला जो मोठा झरोका केलेला असतो, तोच जानेवारीत आपण उघडा ठेवतो आणि त्याच्यासमोर हीटर तापवत बसतो.

फट शोधायला उदबत्ती उत्तम. पहाटे वारा असताना पंखा आणि हीटर बंद करा, दार लावा, आणि पेटवलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीजवळून, दाराखालून, कूलरच्या तोंडासमोरून सावकाश फिरवा. पडदे आधी बाजूला करा. धूर सरळ वर गेला तर ठीक. तो खोलीच्या आत वाकला की तिथून हवा येते आहे. आमच्याकडे कूलरसमोर धूर अक्षरशः आडवा झाला.

उपाय शंभर-दोनशे रुपयांचा. शक्य असेल तर कूलर काढून गच्चीवर ठेवा आणि खिडकी बंद करा. आमचा स्टँडला वेल्डिंग केलेला आहे, निघत नाही. म्हणून दीड इंच जाडीचा थर्माकोल कूलरच्या तोंडापेक्षा किंचित मोठा कापला, घट्ट दाबून बसवला, कडांना रुंद चिकटपट्टी लावली आणि आतल्या बाजूने पातळ प्लायवुडचा तुकडा ठोकला. प्लायवुड शोभेसाठी नाही. थर्माकोल चटकन पेट घेतो, तो हीटरसमोर उघडा ठेवू नका. बाहेरून कूलरला चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं.

त्यानंतर सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या कडांचा झिजलेला केसाळ ब्रश बदलला, तो हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. दाराखाली जुन्या सुती साडीची गुंडाळी. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढला. खाली फरशीवर सतरंजी. उजेड असतो तोवर दक्षिणेची खिडकी आणि पडदा उघडा ठेवतो, कारण डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे ४५ अंशांवरच असतो आणि ऊन खोलीत खोलवर येतं. पाच वाजले की पडदा ओढायचा, सकाळी ऊन आल्याशिवाय उघडायचा नाही.

दुसऱ्या रात्री बाहेर तेवढीच थंडी होती. बटण तीनवर होतं. पहाटे पाचला उशाशी २०.५.

आता बटण कुठे ठेवायचं ते

फटी बुजवल्यानंतरच हे करा, आधी केलं तर खूण चुकीची पडेल. हीटर पलंगापासून तीन-चार फुटांवर मोकळ्या जागी ठेवा. दार लावा, बटण पूर्ण वर न्या आणि किमान तासभर चालू द्या, म्हणजे भिंतीही थोड्या तापतील. उशाशी २० दिसले की बटण सावकाश मागे फिरवा. 'टक' आवाज येऊन दिवा विझेल, तिथेच थांबा. त्या जागी मार्कर पेनने रेघ मारा. आता थर्मोस्टॅट साधारण तेच तापमान राखेल. पहाटे एकदा यंत्र बघा, लागलं तर रेघ अर्धं घर इकडे-तिकडे करा.

आणि वेळ बदला. बहुतेक लोक झोपताना लावतात आणि दोनला जाग आली की बंद करतात. हे बरोबर उलटं आहे, कारण गारठ्याचा कहर पहाटे चार ते सात असतो. आमचा हीटर आता झोपण्याआधी एक तास चालतो आणि मग साडेतीन ते सात. त्यासाठी सोळा अँपिअरचा टायमर प्लग आणला.

विजेचा हिशेबही लगेच दिसतो. दोन हजार वॅटचा हीटर आठ तास लावला आणि त्यातला निम्मा वेळ तो प्रत्यक्ष तापला, तर रात्रीला आठ युनिट, महिन्याला २४०. महावितरणच्या बिलात १०० नंतर, ३०० नंतर, ५०० नंतर दर चढत जातो. म्हणून हे २४० युनिट नेहमीच्या वापराच्या डोक्यावर वरच्या दराने बसतात. फक्त अंथरूण गरम करायचं असेल तर विजेची चादर शंभर वॅटच्या आसपास घेते. झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास लावायची, पडताना बंद. पण जिला स्वतःला बटण बंद करता येत नाही अशा आजीला किंवा लहान मुलाला ती देऊ नका.

लाल कांड्यांचा क्वार्ट्झ हीटर वेगळ्या कामाचा. तो समोर दिसेल ते तापवतो, हवा फारशी नाही. सकाळी अर्धा तास चहा घेत बसायला छान, रात्रभर कधीच नाही. पांघरूण, पडदा, साडी त्याच्यापासून तीन फूट लांब.

घसा सुकतो तो का

अनेक जण म्हणतात की हीटर ऑक्सिजन खातो. विजेचा हीटर काहीही जाळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन खात नाही. हवेतली वाफही तो पिऊन टाकत नाही. होतं इतकंच की गरम हवेची ओलावा धरायची ताकद वाढते. बाहेरची १२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा आत घेऊन २२ वर नेली, की तीच हवा ३७ टक्क्यांवर येते. २६ वर नेली तर आणखी कोरडी. म्हणून तापमान दोन अंश खाली आणणं हाच पहिला इलाज. आम्ही २० वर आल्यापासून आईचा घसा सुकणं थांबलं. तरीही यंत्रावर ४० च्या खाली दिसत असेल तर ओला पंचा खुर्चीवर वाळत घाला. हीटरवर मात्र नाही, पाण्याचं भांडंही त्याच्यावर नाही.

एसीने खोली गरम करत असाल तर

गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी असेल तर तो हीटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. हीटर एका युनिटमधून एकाच युनिटची उष्णता देतो. एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून एका युनिटमध्ये साधारण तिप्पट मिळते, आणि नागपूरची थंडी त्याला अवघड जाईल इतकी नसते. आधी मॉडेल क्रमांकावरून तो खरंच गरम करणारा आहे का ते बघा. रिमोटवर सूर्याचं चिन्ह असलं म्हणजे एसीत ती सोय असतेच असं नाही.

त्यातही एक घोळ आहे. एसीचा सेन्सर वर, छताजवळ असतो, आणि गरम हवा वरच साठते. रिमोटवर २४ दिसतात तेव्हा पलंगावर २० असू शकतात. झडपा पूर्ण खाली वळवा, छताचा पंखा अगदी हळू फिरवा आणि आकडा रिमोटचा नाही, उशाशी ठेवलेल्या यंत्राचा माना.

सकाळी सहाला वीज जाते ती

आमच्याकडे हेही रोजचं होतं. तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर घेतो, दोन हजारांचा हीटर ८.७. दोन्ही एकाच सोळा अँपिअरच्या एमसीबीवर (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) असतील तर तो लगेच नाही, काही मिनिटांनी पडतो, आतली पट्टी तापली की. मोठा एमसीबी बसवून घेऊ नका, त्याने तार जळते. गीझरची वेळ वेगळी करा किंवा इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन काढून घ्या. हीटर सोळाच्या सॉकेटवरच लावा. सहाच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावलेल्या पिना तपकिरी होतात, मग वितळतात.

आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. वर सांगितल्याप्रमाणे फटी बुजवलेल्या खोलीत तर अजिबात नाही. बाथरूममधल्या गॅस गीझरलाही हेच लागू, तिथला झरोका थंडी येते म्हणून बुजवू नका.

आकडा बरोबर, तरी थंडी वाजतेच?

उशाशी २२-२३ आहेत, अंगावर स्वेटर आणि रजई आहे, वारा नाही, आणि तरी आई-बाबा कुडकुडतात, तर खोलीत आणखी काही शोधू नका. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड मंदावलं की अशी थंडी वाजते. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. उलट बाजूही आहे. वय वाढलं की थंडी कळणंच कमी होतं, काही जण १६ अंशांतही "मला काही नाही" म्हणतात आणि हात गार पडलेले असतात. त्यांच्या शब्दावर जाऊ नका, यंत्र बघा, पोटाला हात लावून बघा. तान्ह्या बाळाचंही तसंच. पोट आणि तळवे दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट गरम पण तळवे गार असतील तर त्याला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी धरा आणि पांघरूण वाढवा. दोन्ही गार असतील तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

मधुमेह असलेल्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर ठेवू नका. तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, भाजतं आणि कळत नाही. आईलाही साखर आहे. तिच्यासाठी आम्ही संध्याकाळी पिशवी रजईत ठेवतो, ती झोपायला गेली की काढून घेतो आणि पायांत लोकरीचे मोजे घालतो.